शिकवणाऱ्याची जागा

बसा. मोबाइल खाली ठेवा. मी एकदाच सांगतो.

हे माझ्या भाच्याबाबतीत घडलं. तो शिकला भरपूर, पण खोटं बोलायला त्याला अजून जमत नाही. मी स्वतः सातवीपर्यंत. त्याच्या प्रयोगशाळेतलं मला जेवढं कळलं तेवढंच सांगतो. तिथं काचेच्या बशीत हृदयाच्या पेशी वाढवतात. त्यांचा पातळ पडदा तयार होतो, आणि तो धडधडतो. हसू नका, मी डोळ्यांनी पाहिलाय. पुढेमागे दुखावलेल्या हृदयाला ठिगळ म्हणून लावायचा, असा बेत.

भाच्याची अडीच वर्षं एका बशीत होती. सोमवारी परीक्षक ती बघायला येणार होते. पेशी जगल्या तर डॉक्टरेट. मेल्या तर पुन्हा पहिल्यापासून, आणि तेवढं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं.

त्याचे सर त्याच हिवाळ्यात गेले. खुर्चीत बसल्याबसल्या. सरांची एक पद्धत होती. नवा विद्यार्थी पहिल्यांदा बशी उघडणार, तेव्हा सर त्याच्या मागे उभे राहायचे. काम संपेपर्यंत हलायचे नाहीत. विद्यार्थ्याला ताकीद अशी, की बशी उघडी असताना बोलायचं नाही आणि मान वळवायची नाही. श्वासानंसुद्धा पेशी नासतात म्हणे. सर गेल्यावर नव्यांना शिकवायचं काम भाच्याच्या गळ्यात पडलं. दिवसा त्यांना शिकवायचं, रात्री स्वतःचं करायचं.

मार्चचा शेवटचा शनिवार. रात्रीचे साडेअकरा. आकाशात चंद्र नव्हता. पेशींचं पाणी बदलायचं होतं, म्हणून तो निघाला. बरोबर नवी मुलगी होती. अंगानं एवढीशी, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत.

"दादा, तुम्ही झोपता कधी?"

"प्रबंध झाल्यावर."

"आणि जेवता?"

"तेही तेव्हाच. हात धू."

थकव्यानं भाच्याचे डोळे मिटत होते. तो म्हणाला, "आज बशी तू उघड."

"मी? तुमची बशी? काही झालं तर?"

"तर दोघं मिळून नोकरी शोधू."

त्यानं दोन बाटल्या भरल्या होत्या. एकीत पेशी धुवायचं मिठाचं पाणी, दुसरीत हात पुसायचं स्पिरिट. बाटल्या सारख्या, रंगही पाण्याचाच. एक बाटली चिमणीला दिली. ती काचेच्या खोलीत गेली आणि हा बाहेर स्टुलावर टेकला. मागे उभं राहायला हवं होतं. पाय उचलेना. काचेतून दिसतंय की, असं त्यानं मनाची समजूत घातली.

"आजोबा, आता सर येणार ना?"

तूच सांग मग. मी झोपायला जातो.

...

नाही ना? मग गप्प बस.

भाच्याचा डोळा लागला. जागा झाला तेव्हा हात चिकट वाटले. बाहेर राहिलेल्या बाटलीतलं स्पिरिट त्यानं तळव्यावर घेतलं. गार लागलं नाही. वास आला नाही. त्यानं जिभेला लावून पाहिलं.

खारट.

म्हणजे स्पिरिट आत गेलं होतं. बशीत पडलं की सगळं संपलं. आणि आतलं यंत्र हवा ओढून घेतं. चिमणीला वास येणार नव्हता.

तो काचेकडे धावला.

चिमणी बसलेली. हातात भरलेली नळी. हात बशीवर. थांबलेला.

तिच्या मागे कुणीतरी उभं होतं.

पांढरा कोट. वाकलेली पाठ. तोंडाला मास्क. एक हात पुढे... त्या हातानं चिमणीचं मनगट धरलेलं.

भाच्यानं काच ठोकली. चिमणी वळली नाही. तिला शिकवलंच तसं होतं.

मागचा माणूस मात्र वळला. हळू. फार दमलेला माणूस वळतो तसा.

...

त्या खोलीला दारं दोन. एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नाही. भाचा दोन्हींच्या मधे अडकला. दारावरचा दिवा लाल. लाल. लालच...

हिरवा झाला.

आत चिमणी एकटी होती.

"नळी बाजूला घे," भाचा म्हणाला. "झाकण ठेव."

तिनं ठेवलं. झाकणाखाली पडदा धडधडत होता. मग तिनं श्वास सोडला.

"काय हो दादा! केवढ्या जोरात धरलंत. आणि हात किती गार तुमचा."

भाच्यानं तिच्याजवळची बाटली उचलून घेतली.

"बराच वेळ उभे होतात ना मागे? मला वाटलं, आता सोडाल, मग सोडाल..."

भाचा खोलीचे कोपरे बघत होता.

"दादा?"

...

बशी वाचली. भाचा डॉक्टर झाला. आता तोही मुलांना शिकवतो, आणि कितीही दमला असला तरी त्यांच्या मागे उभा राहतो. ते असू द्या.

त्या रात्री बाहेर आल्यावर चिमणीनं हातमोजा काढला. मोजा स्वच्छ. कोटाची बाही स्वच्छ. तिनं बाही वर सारली. आत, उघड्या कातडीवर, पांढऱ्या पावडरचा पंजा उमटला होता. चार बोटं आणि अंगठा.

पूर्वी, सरांच्या उमेदीच्या काळात, हातमोज्यांना पावडर लावलेली असायची. पेशींना ती बाधते म्हणून ते मोजे त्या प्रयोगशाळेतून गेले, तेव्हा चिमणीचा जन्मही झाला नव्हता.

भाच्यानं अंगठ्यानं पुसून पाहिलं. पावडर कोरडी होती. ताजी.