सुटणारा पट्टा

राजनंदिनीच्या कुबडीचा स्क्रू वारज्यातल्या एका बंगल्यासमोर निघून पडला. गॅरेजचं शटर अर्धं उघडं होतं आणि आतून कानशीचा आवाज येत होता. ती वाकून म्हणाली, "अहो, एक स्क्रू बसवून मिळेल?"

"हे दुकान नाही."

"असं होय? बोलणं तर अगदी दुकानदाराचं आहे."

आतला माणूस हसला नाही. पण त्याने स्टूल पुढे सरकवलं. काळवंडलेली बोटं हलक्या हाताने स्क्रू फिरवत होती... ती उगाच त्या बोटांकडे बघत राहिली. मागे लाकडी घोड्यांवर एक कनू पालथी ठेवली होती. लांब, अरुंद, हिरवी होडी.

"ही पाण्यात जाते, की नुसतीच झोपते?"

"जायची," तो म्हणाला.

त्याचं नाव केदार. पुढच्या रविवारी ती पुन्हा आली, या वेळी काही न बिघडता. मग येतच राहिली. ती यवतमाळची, हिंजवडीत नोकरीला. अपघातात डावा पाय निकामी झाला होता. उपचारासाठी ती पोहायला शिकली होती, पण जमिनीवर पायऱ्या-चढ आले की तिला सारखं कुणीतरी उचलत असे.

"होडीत मी माझ्या हातांनी जाईन," ती म्हणाली. "पाठ टेकायला काहीतरी करून द्या."

"बैठक करतो. काढता-घालता येईल अशी. पण बांधून ठेवणारा पट्टा नाही."

"पट्ट्याशिवाय मी घसरते."

"मग घसरा."

बराच वेळ तो कानस घासत राहिला. मग त्याने सांगितलं. धाकटा भाऊ आमोद याच होडीत होता. पाय घसरू नये म्हणून केदारनेच त्याला पट्टा करून दिला होता. होडी उलटली, बकल अडकलं आणि आमोद वर आलाच नाही. "मजबुतीसाठी जास्तीची शिवण घातली होती मी," केदार म्हणाला.

राजनंदिनीने त्याची समजूत काढली नाही. "मला ओढल्यावर सुटणारा करा," ती म्हणाली. "सुटतो की नाही ते मी बघेन."

प्लायची बैठक झाली. होडीला एकही भोक न पाडता ती काठाला क्लॅम्पने आवळायची होती.

"अंग चोरून बसू नका, पट्ट्याचं माप चुकेल."

"तुम्ही नजर चोरताय, त्याने नाही चुकत?"

त्याचे कान लाल झाले.

मग गाद्यांवर होडी आडवी करून तो तिच्याकडून पट्टा सोडवून घेऊ लागला. डोळे मिटून, एका हाताने, मग दुसऱ्याने. प्रत्येक वेळी तो सुटे आणि केदार म्हणे, "परत."

"मला न्यायचंय की दमवायचंय?"

"न्यायचं नाहीये."

"खरं बोललात एकदाचे," म्हणत तिने कुबडी उचलली आणि निघून गेली.

नंतर कितीतरी दिवस ती आली नाही. शेवटी त्याचाच फोन आला. "रविवारी सकाळी. खडकवासल्याला."

काठापासून थोड्या अंतरावर, लाइफ जॅकेट घालून, त्यांनी ठरवून होडी उलटवली. पाणी गार आणि गढूळ होतं. केदार वर आला — ती दिसेना. त्याने हाक मारली नाही. तो सरळ होडीखाली शिरला. बैठक हाताला लागली. रिकामी. पट्टा सुटून लोंबत होता. पालथ्या होडीत थोडी हवा साठली होती. तिथेच तो पट्टा मुठीत धरून थांबला.

बाहेरून टकटक झाली. "अहो, आत काय करताय? मी या बाजूला आहे."

मग पाणी हललं आणि तिचं डोकं त्याच्याशेजारी वर आलं.

"सुटला," ती म्हणाली. "पहिल्याच झटक्यात."

"त्याचा नाही सुटला."

"नाही." तिने त्याची मूठ हातात घेतली. "आता बाहेर चला."

"थांब जरा..."

एकेरी ऐकून तिने त्याची मूठ आणखी घट्ट धरली. "थांबते. पण इथली हवा फार वेळ पुरायची नाही, केदार. काही विचारायचं असेल तर लवकर विचार."

"मला भीती वाटते," तो म्हणाला. "आता तुझ्यासाठी. रोज वाटेल."

"वाटू दे," ती म्हणाली, आणि त्याला ओढत पाण्याखालून बाहेर निघाली.