शेंडेफळाची मान

"आई, नको गं... जळतंय!"

न्हाणीघरातून शेंडेफळाची किंकाळी आली आणि मागच्या खोलीत इस्त्री करणाऱ्या सुनेचा हात जागच्या जागी थांबला. शेंडेफळ म्हणजे तिची शाळकरी नणंद, सासूला उशिरा झालेली लेक. आत सासू तिची मान घासत होती. तीही सोडा लावून, कॉलरी घासायच्या ब्रशने!

घरची लॉन्ड्री होती. सासूला गल्लीत सगळे कडकबाई म्हणत. कपड्यांच्या खळीवरून की स्वभावावरून, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. न निघणारा डाग तिने जन्मात मान्य केला नव्हता. त्यामुळे लग्नानंतर सुनेच्या मानेवर काळपट, जाडसर, मखमलीसारखी कातडी दिसली, तेव्हा तिने सरळ अर्थ लावला, ही पोरगी आंघोळीचा कंटाळा करते! "लोकांच्या कॉलरी धुतो आपण, आणि घरात ही मान? गिऱ्हाइकं तोंडात शेण घालतील!" तेव्हापासून सून गिऱ्हाइकांच्या नजरेआड, मागच्या खोलीत होती. आणि आता तशीच काळपट मान लेकीचीही दिसू लागली होती.

सुनेला मात्र खरं माहीत होतं. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं होतं, की शरीर इन्सुलिनला जुमानेनासं झालं की ते आणखी आणखी इन्सुलिन बनवत सुटतं, आणि त्या जादा इन्सुलिनने मानेच्या, काखेच्या घडीतली कातडी जाड नि काळी होते. मधुमेह दाराशी येण्याआधीची ती सूचना असते. गोळ्या ती पिठाच्या डब्यामागे ठेवायची. नवऱ्याला ठाऊक होतं, पण आईपुढे त्याची दातखीळ बसायची. आणि कडकबाईने तर एका कामवालीला नुसत्या खोकल्यावरून घालवलं होतं! घाणेरडी म्हटलेलं सोसेन, पण आजारी म्हटलं तर कायमची माहेरी रवानगी... या एका भीतीने त्या बिचारीने अपमानाचे सगळे घोट मुकाट गिळले होते.

"मी रोज आंघोळ करते गं आई... शपथ!" आतून हुंदका आला.

हेच वाक्य सुनेने उशीत तोंड खुपसून कितीदा म्हटलं होतं! तिने इस्त्री बंद केली, न्हाणीघरात शिरली आणि आयुष्यात पहिल्यांदा सासूचं मनगट धरलं.

"सोडा तो ब्रश, आई. मळ नाही तो."

"आता तू मला मळ शिकवणार?"

"आजार आहे. मलाही आहे... मी गोळ्या घेते."

झालं! जे लपवण्यात एवढी वर्षं गेली ते एका दमात बाहेर पडलं होतं. सासूने तिच्याकडे पाहिलं, मग लेकीच्या मानेकडे पाहिलं. तिथे रक्ताचे ठिपके उमटले होते. तिने ब्रश खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिघी दवाखान्यात गेल्या. रक्त तपासून झालं. मान पाहून डॉक्टरीणबाई आधी चांगल्या कडाडल्या, मग म्हणाल्या, "साखर अजून वाढलेली नाही. रोज चालायचं, गोडाला आवर घालायचा, तपासण्या चुकवायच्या नाहीत. लवकर आणलंत हे बरं केलंत."

"मी नाही आणलं," कडकबाई म्हणाली. "सुनेनं आणलं."

घरी आल्यावर ती दुकान न उघडताच खुर्चीत बसली.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"लग्नानंतर वर्षभरातच कळलं."

"आणि मी इतकं टाकून बोलत होते, तरी तोंड उघडलं नाहीस?"

"तुम्ही मला परत पाठवलं असतं, आई."

बाई कडक होती, पण खोटी नव्हती.

"पाठवलं असतं," ती म्हणाली. मग समोर मानेला मलम लावत बसलेल्या लेकीकडे तिची नजर गेली. "आणि हिला? हिला मी कुठे पाठवणार होते गं?..."

एवढं बोलून ती ढसाढसा रडू लागली. सून जवळ जाऊन उभी राहिली. सासूचा हात धरावा की नाही, हे तिला कळेना. शेवटी सासूनेच तिचा हात ओढून घेतला.