धाकट्याच्या दारी

ऑगस्टातल्या शेवटच्या शनिवारी, भर दुपारी, पीठ मळता मळता रेबेकाचे हात थांबले. उद्या चर्चमध्ये प्रभुभोजनाला मोडायची भाकर तिच्या हातची असणार होती. नव्या गव्हाची, उकडलेला बटाटा घातलेली. नवे पाळकसाहेब स्वतः घरी येऊन सांगून गेले होते. आणि ज्या भाकरीचा घास नऊ वर्षांत तिने तोंडात घेतला नव्हता, तीच भाकर गावासाठी भाजायला ही बाई हो म्हणून बसली होती...

आमच्या ट्रान्सिल्वेनियातल्या गावात प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी धाकट्याने मोठ्याच्या घरी जायचं आणि बोलण्यात-वागण्यात काही चुकलं असेल तर क्षमा मागायची, अशी रीत आहे. मनात अढी ठेवून प्रभूच्या मेजापाशी कोणी जात नाही. ज्याची अढी सुटत नाही तो प्रवचन संपताच, भाकर मोडायच्या आत, गुपचूप उठून जातो. बायका बायकांच्या दाराने, पुरुष पलीकडे मनोऱ्याखालच्या दाराने. रेबेका नऊ वर्षं अशी उठून जात होती.

कारण होता तिचा धाकटा भाऊ मार्टोन. आई अंथरुणाला खिळली तेव्हा रेबेकाने शेजारगावच्या गिरणीवाल्याचं मागणं परत पाठवलं आणि अकरा वर्षं आईची सेवा केली, आपलं तारुण्य त्या एका खाटेपाशी वाहून टाकलं. आणि आईला मूठमाती देऊन परतलेल्या माणसांनी घर भरलेलं असताना मार्टोन म्हणाला होता, "ताईचं काय घेऊन बसलात? ती घरावर डोळा ठेवूनच राहिली." त्याच संध्याकाळी ती आपली पेटी उचलून गावाच्या वरच्या टोकाला एका खोलीत राहायला गेली. उलट एक शब्द बोलली नाही. त्या न बोलण्यालाच ती प्रभूचं आज्ञापालन समजत आली होती.

प्रत्येक प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी ती दार सताड उघडं ठेवायची, मेजावर धुतलेलं पांढरं कापड अंथरायची आणि ताठ बसून वाट पाहायची. मार्टोन कधी आला नाही, आणि त्याचं नाव तिच्यापुढे काढायची गावात कोणाची छाती नव्हती. दुसऱ्या दिवशी चर्चबाहेर पडताना तिचं काळीज जळायचं ते याच विचाराने, की माझी क्षमा न मागता हा तिथे खुशाल भाकर घेतोय. एरवी बाई धर्मशील. प्रार्थना कधी चुकायची नाही, आणि शास्त्र इतकं पाठ की बायकांच्या बुधवारच्या बायबल-अभ्यासात अडलं तर पाळकीणबाईसुद्धा तिच्याच तोंडाकडे पाहायच्या.

गेल्या बुधवारी पाठ होता तो शेवटच्या भोजनाच्या खोलीत प्रभू येशूने कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले त्याचा. रेबेकाने तो खणखणीत आवाजात वाचला. तेवढ्यात म्हाताऱ्या बोश्केने, जिची जीभ ऐंशीव्या वर्षीही तिखट होती, तिला अडवलं.

"अगं, त्या खोलीत सगळ्यांत मोठा कोण होता?"

"प्रभूच की."

"मग पाय धाकट्यांनी धुवायला नकोत? आपल्या गावात तर तसंच चालतं."

बायका हसल्या. रेबेकाला मात्र हसू आलं नाही. दोन दिवस ती तेच पान उघडून बसली. नऊ वर्षं तिची प्रार्थना एकच होती, मार्टोनला सुबुद्धी दे. आता ती ओठांवर येईना. आपणच त्याच्या दारी गेलो तर सारं गाव म्हणणार, चूक हिचीच होती, हिचा डोळा घरावरच होता. अकरा वर्षांच्या सेवेतून तिच्यापाशी उरलं होतं ते एवढं निर्दोष नाव, आणि तेच आता हातचं जाणार होतं. शुक्रवारी सकाळी ती इतकंच म्हणाली, "प्रभू, मला जायचं नाहीये. तूच ने."

आणि आज, पिठावर कापड टाकून, हात धुऊन ती निघाली. भर उन्हात, दारोदारच्या बाकांवर बसलेल्या माणसांदेखत, मोठी बहीण धाकट्याच्या दारी चालली होती. मार्टोन अंगणात विळ्याला धार लावत होता. तिने श्वास घेतला.

"मार्टोन, नऊ वर्षं मी तुझ्याबद्दल मनात विष साठवलं. मला क्षमा कर. उद्या तू भाकर घेशील तेव्हा..."

त्याच्या हातून विळा गळाला. बोलली ती दारात आलेली त्याची बायको, पिरोश्का.

"कसली भाकर, वन्सं? ह्यांनी तरी नऊ वर्षांत कुठं घेतलीय? प्रवचन संपलं की तुम्ही त्या दारानं बाहेर, हे ह्या दारानं."

रेबेका अंगणातल्या बाकावर बसली. एकाच क्षणी उठून, एकमेकांकडे पाठ करून दोघं उपाशी परतत होती, आणि ती मात्र त्याला मनातल्या मनात पापी ठरवत होती...

"मग आला का नाहीस रे?"

"आलो होतो ताई. तीन-चारदा तुझ्या दारासमोरच्या विहिरीपर्यंत आलो. तू मेजावर ते पांढरं कापड अंथरून न्यायाधीशासारखी बसलेली. पायच उचलेनात." त्याने पडलेला विळा उचलून भिंतीला टेकवला. "आईचं सगळं तू केलंस, मी काहीच केलं नाही. त्याची लाज वाटत होती मला. ती तुझ्यावर काढली."

तो वाकू लागला तसं तिने त्याला मध्येच धरलं. दोघांच्याही डोळ्यांना धार लागली होती. पिरोश्काने आत जाऊन पाणी आणलं.

रविवारी प्रवचन संपलं. मेजापाशी पुरुष आधी जातात. रेबेका जागची हलली नाही; नऊ वर्षांनी तिने भावाला पुढे जाताना पाहिलं. तिने भाजलेल्या भाकरीचा तुकडा त्याच्या हातावर पडला, त्याने तो तोंडात घातला, आणि तो परत जागेवर बसेपर्यंत ती पाहत राहिली, देहभान विसरून. तिच्यापुढचं बाक केव्हाच रिकामं झालं होतं.

बोश्केने तिला कोपराने ढोसलं. "ऊठ गं," ती कुजबुजली, "आता आपली पाळी."