पोकळ कॅप्सूल

मिरजेच्या अंकुरायन संशोधन केंद्रात त्या दिवशी गुपित फुटायचं होतं. कंपवातावरच्या नव्या औषधाची चाचणी संपली होती. कुणाला खरं औषध मिळालं आणि कुणाला नुसती पोकळ कॅप्सूल, हे तोवर रुग्णांनाही ठाऊक नव्हतं आणि त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांनाही. 'दुहेरी अज्ञात' पद्धत म्हणतात ती हीच.

"धुमाळ मॅडम, तुमची पोकळ होती," कंपनीच्या अधिकारी रेवती सबनीस गोड हसत म्हणाल्या. "बघा, आशेत किती ताकद असते!"

डॉ. चारुशीला धुमाळांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दंतवैद्य. हात कापायला लागला तेव्हा त्यांनी आपणहून दवाखान्याला कुलूप लावलं होतं, कारण असल्या हाताने लोकांच्या तोंडात हत्यार घालणं त्यांच्या मनाला पटेना. चाचणीत नाव घातल्यावर तो हात हळूहळू थांबला. नुकताच त्यांनी दवाखाना पुन्हा उघडला होता. आणि ही कालची पोर सांगत होती, की ते सगळे मनाचे खेळ!

"आशा?" त्या उठून उभ्या राहिल्या. "माझ्या अंगात आशा नाही हो, नुसतं पित्त आहे. यांच्या औषधाने काही व्हायचं नाही, असं पहिल्याच दिवशी नवऱ्याला सांगितलं होतं मी. विचारा त्यांना."

जमलेले रुग्ण हसले. सबनीस मात्र पुढच्या मुद्द्यावर गेल्या. "दोन्ही गटांत सारखीच सुधारणा दिसली. म्हणजे आमचं औषध पोकळ कॅप्सूलपेक्षा सरस नाही. चाचणी अयशस्वी. आता सर्वांनी निष्कासक घ्यायचं. पोटात औषधातले आमचे जिवाणू उरले असतील तर ते मरतील, आणि तुम्ही मोकळे."

चारुशीलाबाई तडक निघाल्या त्या केंद्राचे प्रमुख संशोधक डॉ. तन्वीर मुजावर यांच्या प्रयोगशाळेत शिरल्या. मुजावर खिन्न चेहऱ्याने बसले होते. हे औषध त्यांच्या उभ्या आयुष्याची कमाई होती.

"मला नीट समजावून सांगा," बाई म्हणाल्या. "तुमचं औषध नेमकं करतं काय?"

"मॅडम, हा जिवाणू मुळात दह्यातलाच. त्याच्यात आम्ही एक जनुक जास्तीचं घातलं. कंपवातात मेंदूला एक रसायन कमी पडतं. त्या रसायनाचा कच्चा माल हा जिवाणू आतड्यात बसून तयार करतो आणि तो रक्तातून मेंदूत पोचतो. थोडक्यात, औषधाचा कारखानाच पोटात."

"कारखाना नसेल तर माल नाही?"

"नाही."

"मग माझा हात कुठल्या मालावर चालतोय? माझं पोट तपासा."

"पण तुम्हाला जिवाणू दिलेच नव्हते."

"म्हणून तपासलंही नाही?"

मुजावरांनी नोंदी उघडल्या. नमुने सगळ्यांचेच घेतले होते. पण जिवाणू शोधायचं काम कंपनीच्या प्रयोगशाळेकडे होतं, आणि तिथे पोकळ गटाचे नमुने कुणी उघडलेच नव्हते. जिथे काही दिलंच नाही तिथे शोधायचं कशाला, असा त्यांचा हिशेब.

"आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय," चारुशीलाबाई कडाडल्या. "आणि वर मला आशेचे धडे देता!"

नमुने तपासले गेले. जिवाणू बाईंच्या आतड्यात ठाण मांडून बसले होते. पोकळ गटातल्या बाकीच्यांच्या पोटातही तेच. मुजावरांनी पुन्हा पुन्हा पाहिलं, मग चष्मा काढून डोळे चोळले आणि सगळ्या रुग्णांना बोलावणं धाडलं.

कोडं सुटलं ते आक्काताई मगदूम यांच्यापाशी. आक्का जवळच्या आरग गावच्या, खरं औषध मिळालेल्या गटातल्या. या आजारात गिळायला त्रास होतो, तसा त्यांनाही होत होता.

"कॅप्सूल घशात अडकायची, म्हणून फोडून दह्यात कालवत हुते," आक्का बिचकत म्हणाल्या. "खाऊन उरलं तर टाकायचं व्हय? त्याचंच इरजण लावलं. दही असं घट्ट लागायला लागलं म्हंता! हितं तपासणीला येताना डबा भरून आणत हुते. समद्यांनी वाटून खाल्लं की! डाक्टरीणबाई, तुमी तर इरजणपण मागून नेलंसा."

बाईंना ते आठवलं. तपासणीच्या दिवशी व्हरांड्यात पंगत बसायची. दुसऱ्याच्या डब्यातलं खाऊ नका, असं कंपनीने कुठेही सांगितलं नव्हतं. एकत्र बसलेली माणसं आपापला डबा तोंड फिरवून खातील, असं मानणाऱ्याची खरं तर कीव करायला हवी होती. पण बाईंना कीव आली नाही, संताप आला. कंपनीने यांची आतडी मोजली, हात मोजले, आणि ही माणसं जेवतात कशी एवढं मात्र पाहिलं नाही.

बातमी कळताच सबनीस धावत आल्या. "म्हणजे औषध चालतं! आपण चाचणी पुन्हा करू."

"नवे रुग्ण मिळणार नाहीत," मुजावर म्हणाले. "सरकारदरबारी औषध नापास झालंय. नव्या माणसांना ते द्यायची परवानगी नाही. एकच वाट आहे. ज्यांच्या पोटात जिवाणू आहेत त्यांच्यातल्या निम्म्यांचे काढून घ्यायचे, आणि आजार उलटतो का पाहायचं. उलटला तर सिद्ध झालं."

खोलीतली माणसं एकमेकांच्या हातांकडे बघू लागली.

"ठीक आहे. सगळ्यांना निष्कासक घ्यायचंच होतं," सबनीस म्हणाल्या. "आता निम्म्यांनीच घ्यायचं. आणि ते दही ताबडतोब नष्ट करा. जिवाणू कंपनीच्या मालकीचा आहे."

"जिवाणू तुमचा," चारुशीलाबाई शांतपणे म्हणाल्या. त्यांचा तो शांतपणा घरच्यांना ओरडण्यापेक्षा जास्त भिववायचा. "पुरावा आमचा. स्वयंसेवकाला चाचणीतून केव्हाही बाहेर पडता येतं, हे तुम्हीच पढवलंत ना? हे बघा, आम्ही बाहेर पडलो. जा, शोधा दुसरी पोटं."

सबनीसांचा चेहरा उतरला.

"मॅडम," मुजावर हळूच म्हणाले, "तुमचा राग खरा आहे. पण पुरावा नसेल तर हे औषध मिरजेबाहेर जाणार नाही. दही वाटत सुटलात, तर कुणाला किती मात्रा गेली आणि कुणाला काय बाधलं, हे कळणार नाही. ज्यांचे हात आज कापतायत, त्यांनी काय करायचं?"

बाईंना याचाच सर्वांत जास्त राग आला, कारण माणूस खरं बोलत होता. त्यांनी दुसऱ्या कुणाला उत्तर देऊ दिलं नाही.

"कंपनी लिहून देईल. औषध सिद्ध झालं, की दह्यावर तिचा हक्क नाही. कुणीही विरजण लावावं, कुणालाही द्यावं. निकाल लागेपर्यंत आम्ही कुणी ते दही खाणार नाही. आणि ज्यांचे जिवाणू काढाल, त्यांना निकालानंतर ते परत. हे मान्य असेल तर मी तयार आहे. बाकीच्यांनी आपापलं ठरवावं."

सबनीस फोन घेऊन बाहेर गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांचा आवाज गोड राहिला नव्हता, पण कंपनी कबूल झाली होती. एकेक करत सगळेच तयार झाले. आक्का सर्वांत आधी.

कॅप्सूल वाटल्या गेल्या. निम्म्यांत निष्कासक, निम्म्या पोकळ. कुणाची कुठली ते मुजावरांनाही ठाऊक नव्हतं. चारुशीलाबाईंनी आपली तळहातावर घेतली. पोकळ मिळाली म्हणून थयथयाट करणारी ही बाई आता दात-ओठ खात मनातल्या मनात देवाला बजावत होती, की पोकळच दे. देवाचंही त्यांना काही खरं वाटत नव्हतं. त्यांनी ती पाण्याबरोबर गिळली.

मग शेजारी बसलेल्या आक्कांची हनुवटी धरून त्यांनी तोंड उघडायला लावलं आणि आत पाहिलं.

"ही दाढ किडलीय. दुखत असणार. बोलला का नाहीत?"

"बघू की निवांत, पुढल्या म्हैन्यात."

"पुढच्या महिन्यात नाही," आपल्या अजून स्थिर असलेल्या हाताकडे बघत चारुशीलाबाई ओरडल्या. "उठा. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला."