एडनाबाईंची साक्ष

ब्रोच गेला आणि आळ आला उज्ज्वलच्या धाकट्या बहिणीवर. मैत्री जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्नच्या वृद्धाश्रमात परिचारिका होती. नोकरी गेली की व्हिसा गेला. उज्ज्वल एवढा संशोधक, पण त्याचं डोकंच चालेना. शेवटी त्याने सासऱ्यांना गाठलं. राजानंद नागपुरात तीस वर्षं खासगी तपास करून आता लेकीकडे राहायला आले होते.

बैठ्या इमारतीतल्या पहिल्याच खोलीत एडना प्रुइट राहायच्या, वय ब्याऐंशी. ब्रोच त्यांचाच, आणि त्यांची देखभाल मैत्रीकडे. हॉलिवूडमध्ये चाळीस वर्षं शेजारीण, घरमालकीण, आत्या अशी चार-चार वाक्यांची कामं केलेली बाई. चेहरा सगळ्यांच्या ओळखीचा, नाव कुणालाच ठाऊक नाही. सैन्यातल्या नवऱ्यामागून त्या इथं आल्या, तो वारला, त्या राहिल्या.

"पांढऱ्या कपड्यातली मुलगी. तिने ड्रॉवर उघडला, माझ्याकडे पाहिलं..." एडनाबाई थांबल्या, डाव्या हाताने डोळा टिपला. "आणि जिना उतरून पळाली."

राजानंदांनी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा तेच शब्द, त्याच जागी तोच हात. इतक्या ठाम साक्षीदाराला खोटं कोण पाडणार?

एडनाबाईंचा भाचा रॉय महिनाभर फिरकलाच नव्हता, नोंदवहीत तसंच होतं. मावशीला मोठी भूमिका एकदाच मिळाली, कोर्टातल्या साक्षीदाराची, असं तो फोनवर सांगत होता. त्यातली टोपी त्या अजून कुणाला हात लावू देत नाहीत. संचालिका फ्राऊ केसलर म्हणाल्या, नियमाप्रमाणे पोलिसांना कळवावंच लागेल. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची वेळ आली, आणि राजानंद मात्र फळीवरची त्या सिनेमाची जुनी संहिता चाळत होते. उज्ज्वल चिडलाच.

"जावईबापू, खरा साक्षीदार दर वेळी थोडा चुकतो," राजानंद म्हणाले. "पाठ केलेला चुकत नाही. आणि या बैठ्या घरात जिना आहे कुठं?"

त्यांनी पान पुढे केलं. तीच वाक्यं होती, समासात पेन्सिलीने लिहिलेलं: थांबणे, डावा हात.

"या गोष्टीत साक्ष देणारी घरमालकीणच ब्रोच टोपीच्या अस्तरात लपवते आणि मोलकरणीवर आळ घेते. बाई खोटं बोलत नाहीत. बाकी सगळं पुसलं गेलंय, एवढी एक भूमिका उरलीय."

फ्राऊ केसलरनी अस्तर उसवलं. ब्रोच निघाला.

मैत्री सुटली. पण स्मृती इतकी गेलेल्या माणसाला मागच्या कुलूपबंद विभागात हलवायचं, हाही नियमच होता. माझी काही तक्रार नाही, म्हणून मैत्री विनवत राहिली. राजानंदांनीही शब्द टाकून पाहिला. फ्राऊ केसलर "गेनाऊ, गेनाऊ", अगदी बरोबर, असं म्हणत सही करत होत्या.

एडनाबाईंची चाकांची खुर्ची ढकलायचं काम मैत्रीच्याच वाट्याला आलं. उज्ज्वल नुसता मागून चालला, हात बांधल्यासारखा. त्या विभागाच्या दारापाशी एडनाबाईंनी मैत्रीचा हात धरला आणि मायेने आवाज खाली आणला.

"नवीन दिसतेस. जपून राहा हो बाळ, इथली एक मुलगी चोर आहे."

मैत्रीने मान डोलावली आणि दार उघडलं.