बाबांनी मुकी केलेली ओळ

हे खरं आहे. आधीच सांगून ठेवते, कारण थोडं पुढे गेलात की तुम्हाला वाटेल, पोरीने घरी बसून रचलंय. मला रचता येतं, पण असलं नाही.

आणि रात्रीचं काही नाही यात. आमच्याकडे जे आलं ते भर दुपारी आलं.

तेकेली, कझाकस्तानातलं आमचं छोटं गाव. फेब्रुवारीतला शुक्रवार. बाहेर गुडघाभर बर्फ, आणि स्वयंपाकघरात आई शेल्पेक तळत होती. गेलेल्या माणसांसाठी आमच्याकडे शुक्रवारी या पातळ पोळ्या तळतात. तेलाचा वास त्यांच्यापर्यंत पोचतो म्हणे. वासावर ती घरी येतात, बघून जातात.

बघून जातात, एवढंच मला माहीत होतं.

मी रायखान. तेरावं वर्ष चालू, सातवीत. गेल्या वर्षापर्यंत वर्गात माझं तोंडच उघडत नव्हतं. मग एका भाषणाच्या स्पर्धेत चुकून पहिली आले आणि तेव्हापासून ते मिटतच नव्हतं. बाईंनी प्रश्न विचारायच्या आधी माझा हात वर. मुलं मला रेडिओ म्हणायची. म्हणेनात. मला आवडायचं.

घरात आई, मी आणि तोग्झान ताई. ताई माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. तिला अल्माटीत रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी लागली होती, मार्चपासून रुजू व्हायचं होतं. बाबा नोव्हेंबरात गेले. बरेच महिने आजारी होते.

बाबा कॉम्प्युटर दुरुस्त करायचे. घरचा कॉम्प्युटर मात्र जुनापुराणा, स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी, कारण त्यांना चहा पीत टाइप करायला आवडायचं. त्यावर एक कॅलेंडर होतं. आता असलं कुणी वापरत नाही. बटणं नाहीत, चित्रं नाहीत. सगळं एका साध्या फाईलमध्ये हाताने लिहायचं. वरच्या दोन-तीन ओळी नियमांच्या: किती दिवस आधी आठवण करायची, चिठ्ठी पडद्याच्या कुठल्या कोपऱ्यात दाखवायची. त्याखाली एका ओळीत एक गोष्ट. आधी तारीख, दरवर्षी यायची असेल तर एक चांदणी, मग दोन टिंबं, मग नाव.

१४ मार्च * : तोग्झान

एवढंच. फाईल सेव्ह केली की कॅलेंडर ती आपणहून वाचायचं, आणि वेळ झाली की कोपऱ्यात पिवळी चिठ्ठी यायची. टिंग.

आणि ओळीच्या आधी हॅश, म्हणजे # ही खूण टाकली, की ती ओळ मुकी. फाईलमध्ये ती असते, आपल्याला दिसते, पण कॅलेंडर तिच्यावरून पुढे निघून जातं. जणू ती नाहीच.

बाबा कुणाची ओळ पुसायचे नाहीत. आजोबा गेले, त्यांच्या ओळीला हॅश. कुत्रा गेला, त्याच्या इंजेक्शनच्या ओळीला हॅश. हॅशनंतर ते नेहमी एक मोकळी जागा सोडायचे. त्याची काही गरज नव्हती, पण त्यांना तसंच लागायचं. मोकळ्या जागेची ती लांब कळ ढिली झाली होती. दाबली की घरभर ऐकू जायची.

ठक्क.

बाबा गेल्यावर त्यांच्या ओळीला ताईने हॅश टाकला. मोकळी जागा न सोडता. लहान असताना मी तिला विचारलं असतं का म्हणून, पण या वेळी विचारलं नाही. आईला चिठ्ठी दिसायला नको होती, एवढं कळण्याइतकी मी मोठी आहे.

तर तो शुक्रवार. मी आतल्या खोलीत अभ्यासाचं सोंग करत होते. आई शेल्पेक घेऊन शेजारी वाटायला गेली. दार लोटल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. तेलाचा वास तेवढा.

आणि मग स्वयंपाकघरातून...

ठक्क.

एकदाच.

मी आवाज दिला, ताई? ताई घरी नव्हतीच. मी जाऊन बघितलं. खुर्ची रिकामी. पडदा काळा. कॉम्प्युटर बंद होता, आणि माझ्या डोक्यावरचा दिवाही. आमच्या गल्लीत सकाळपासून वीजच नव्हती.

उंदीर असेल, म्हटलं. हिवाळ्यात येतात.

दुसऱ्या दिवशी ताई अल्माटीला खोली बघायला जाणार होती. गाडीत एक जागा सांगून ठेवली होती, चौघांनी वाटून घ्यायची तसली गाडी. ताई कोट घालून, बूट घालून दारात बसली. गाडी आलीच नाही. तिने फोन केला तर ड्रायव्हर अर्ध्या वाटेत होता. सारखं सॉरी म्हणत होता. म्हणे, तुमच्या दारावरूनच गेलो, पण थांबायचं डोक्यातच आलं नाही.

ताई दिवसभर धुसफुसत होती. मग दुकानात गेली तर दुकानदाराने तिच्या मागच्या दोघांना आधी दिलं. घरी येऊन म्हणाली, मी काय हवेची बनलेय का?

मी हसले. संध्याकाळी सहज फाईल उघडली, आणि हसू गेलं.

# १४ मार्च * : तोग्झान

हॅश. आणि हॅशनंतर मोकळी जागा.

मी ताईला ओढत आणलं. ती म्हणाली, "तूच केलं असशील, शहाणे. या घरात दुसरं कोण त्या फाईलला हात लावतं?"

मी शपथा घेतल्या. तिने माझ्या डोक्यावर टपली मारली. फाईल शेवटची कधी बदलली तेही मी दाखवलं: शुक्रवार, दुपार. वीज नसतानाची. ती म्हणाली, कॉम्प्युटर म्हातारा झालाय, त्याचं घड्याळ वेडं झालंय.

मी हॅश पुसला.

पुढच्या शुक्रवारी आई पुन्हा तळायला बसली. मी मुद्दाम स्वयंपाकघरातच बसले. काही झालं नाही. मग आईने कोळसा आणायला पाठवलं. मी बादली घेऊन अंगणात गेले, आणि बंद खिडकीच्या काचेतून...

ठक्क.

आईची पाठ खिडकीकडे होती. तिने मान वळवली नाही. पण झारा हवेत तसाच थांबलेला मला दिसला.

हॅश परत आला होता.

आता मला कळलं, असं मला वाटलं. बाबा हॅश कुणाला टाकायचे? गेलेल्यांना. आजोबा, कुत्रा. म्हणजे ताई... त्या रविवारी ती पुन्हा अल्माटीला निघणार होती. मी तिला रडून सांगितलं, रविवारी जाऊ नकोस. ती आधी हसली, मग चिडली. म्हणाली, बाबा गेलेत, रायखान, माझी नोकरी नको घालवूस.

ती ऐकणार नव्हती. मग मी माझ्या हातात होतं ते केलं. हॅश पुसला आणि फाईलला कुलूप लावलं. म्हणजे फाईल नुसती वाचता येईल, कुणालाच बदलता येणार नाही, असं करून टाकलं. असं करता येतं. बाबांनीच शिकवलं होतं. सेव्ह करून मी खुर्चीत मागे टेकले, आणि खरं सांगते, मला माझा फार अभिमान वाटला.

शुक्रवारचा उरलेला दिवस, शनिवार सगळा, अधूनमधून आवाज येत राहिला. ठक्क. थोड्या वेळाने ठक्क. दाराला कुलूप असलं की माणूस कडी वाजवत राहतो ना, तसा. मी कानात बोळे घातले.

रविवारी सकाळी गाडी बरोबर आमच्या दारात थांबली. ड्रायव्हरने उतरून ताईची बॅगसुद्धा उचलली. ताईने जाताना माझे गाल ओढले. आम्ही आत आलो, आणि कॉम्प्युटरने टिंग केलं. कोपऱ्यात पिवळी चिठ्ठी.

तोग्झान.

वाढदिवस जवळ आला होता, म्हणून ती आठवण होती. दुसरं काही नाही. तरी ती चिठ्ठी मला कुणाला तरी पत्ता दाखवल्यासारखी वाटली.

दुपार व्हायच्या आधी फोन आला. तालदीकोर्गानच्या पुढे गाडी बर्फावरून घसरून उलटली होती. बाकीच्यांना खरचटलं होतं. ताई शुद्धीवर नव्हती.

आई मिळेल त्या गाडीने निघाली. माझ्याजवळ कुल्याश आत्या येऊन बसली, बाबांची थोरली बहीण. तिला स्वस्थ बसवत नव्हतं, म्हणून ती कणीक मळत होती. मधेच म्हणाली, पंचविसावं वर्ष वाईटच. तेरा, पंचवीस, सदतीस. वर्षांना ओळीने बारा जनावरांची नावं असतात; आपल्या जन्मवर्षाचं जनावर परत फिरून येतं, ते वर्ष माणसाला जड जातं. ते आम्हाला सगळ्यांना माहीत असतं. लोक त्या वर्षी अंगावरची एखादी वस्तू देऊन टाकतात, की संकट तिच्याबरोबर जावं.

"तुझा बाप नाही द्यायचा काही," आत्या म्हणाली. "तो लपवायचा. तोग्झानला तेरावं लागलं तेव्हा वर्षभर तिचं नाव घेऊ दिलं नाही कुणाला. ए पोरी म्हणायचं, बस. वाढदिवस नाही, काही नाही. त्या कॉम्प्युटरातूनसुद्धा लपवली म्हणाला. शोधत येणाऱ्याला ती सापडायला नको. या वेळी आजारपणात राहून गेलं त्याचं."

मला ऐकूच येईना पुढचं.

आजोबांचा हॅश गेल्यावरचा होता. ताईचा नव्हता. ड्रायव्हर दारावरून पुढे गेला होता, ताई दिसली नव्हती म्हणून. कुणालाच दिसत नव्हती. आणि मी... मी कुलूप लावलं होतं.

मी धावत गेले. फाईलचं कुलूप काढलं. ओळीच्या आधी हॅश टाकला. मग मोकळी जागा. ठक्क. सेव्ह.

कोपऱ्यातली चिठ्ठी गेली.

आईचा फोन आला तेव्हा आत्याची कणीक अजून मळून व्हायची होती. ताईने डोळे उघडले होते.

ताई घरी आली ती डोक्याला पट्टी बांधून, हसत. म्हणाली, दवाखान्यात दोनदा जेवणाची गाडी माझ्या खाटेवरून पुढे गेली, मी दिसतच नाही वाटतं कुणाला. आईही हसली. मी नाही हसले. मी तिला सगळं सांगितलं, आणि या वेळी ती चिडली नाही. नुसती माझा हात धरून बसली.

चौदा मार्चला सकाळी उठून मी आधी फाईल उघडली. ताईच्या ओळीआधीचा हॅश मी न पुसताच गेला होता. तिचं वर्ष संपलं होतं. दुपारपर्यंत तिला इतके फोन आले की ती कंटाळली. एप्रिलमध्ये ती अल्माटीला गेली, आणि मजेत आहे.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती हसत हसत सांगितली असती.

त्याच सकाळी फाईलमध्ये खाली गेले, तर माझी ओळ...

# ९ ऑक्टोबर * : रायखान

माझंही तेरावंच चालू आहे. विसरलेच होते.

आधी मला बरं वाटलं. बाबा मलाही लपवतायत. मी त्या दिवशी शाळेत पळत गेले.

बाईंनी हजेरी घेतली आणि माझ्या नावावरून पुढे गेल्या. मी हात वर केला. हात दुखेपर्यंत वर ठेवला. माझ्या शेजारची मोल्दीर माझ्याशी बोलता बोलता मधेच थांबली आणि खिडकीबाहेर बघायला लागली, आपण कुणाशी बोलत होतो ते विसरल्यासारखी. मला आता कुणी रेडिओ म्हणत नाही. काहीच म्हणत नाही. आई एकटीपुरतं ताट घेते, मग माझ्याकडे बघते, दचकते, दुसरं ताट काढते. ताट मांडून होईपर्यंत परत विसरते. ताई फोनवर आईशी बोलते आणि ठेवून देते.

हॅश पुसायला एक कळ पुरते. मी रोज त्या ओळीपाशी जाऊन बसते. पुसला तर आई लगेच मला जवळ घेईल. पण ताईची गाडी मला आठवते, आणि मी उठते.

हेही मी सहन केलं असतं. ऑक्टोबर काही कायमचा लांब नाही.

पण लपवतात ते कुणापासून तरी. आणि ते आमच्या गल्लीत आलंय.

पहिल्यांदा शाळेतून येताना ऐकलं. मागून, नावाने. इतक्या दिवसांनी कुणीतरी मला हाक मारली, म्हणून मी जवळजवळ ओ दिली होती. वळून बघितलं तर रस्ता रिकामा. चिखल, वितळणारा बर्फ, आणि त्यावर फक्त माझ्या बुटांचे ठसे. मग ती हाक रोज दुपारी यायला लागली. एक घर सोडून. मग आमच्या फाटकाशी. ते घराघरात विचारत फिरत असल्यासारखं. बाबांचा आवाज नव्हता तो. ओळखीचा कुणाचाच नव्हता.

काल मात्र ओळखीचा होता.

आई माझ्यासमोर बसून कांदा चिरत होती. तोंड मिटलेलं, नजर सुरीवर. आणि बाहेरच्या दारामागून, अगदी तिच्या आवाजात, ती लाडात आली की काढते त्या सुरात...

"रायखान. बाळा, ओ दे ना."

मी जीभ दाताखाली धरून बसले. रक्ताची चव येईपर्यंत. आई कांदा चिरत राहिली.

मी ओ दिलेली नाही. ऑक्टोबरपर्यंत देणारही नाही.

पण माझ्या वाढदिवशी सकाळी हॅश जाईल, आणि आई इतक्या महिन्यांनी मला खरंच हाक मारेल... तेव्हा ती आईच आहे हे मी कशावरून ओळखू?