लाल पडलेला वाघ

“शेपूट मोठी कर की! वाघ हाय, उंदीर न्हाई!” मच्छिंद्र ओरडला.

“मंग तूच कर!” मुकुंदानं त्याच्याच बोलीत टोला दिला.

मंठ्याच्या शाळेला सुट्टी लागून चार दिवस झाले होते. उमा, तिचा धाकटा भाऊ मुकुंद आणि शेजारचा मच्छिंद्र ओसरीवर सर्कस उभारत होते. तांदळाच्या पिठीत मीठ-पाणी घालून मळायचं, प्राणी करायचे आणि पालकाचा रस, काजळ, हळद यांनी रंगवायचे. कालचे हत्ती झकास वाळले होते. आजची पिठी मुकुंदानं डब्यातून नुकतीच आणली होती.

उमाचे कान मात्र घरात होते. तिचा आठ महिन्यांचा तान्हा भाऊ वामन आठवडाभर जुलाबानं मलूल झाला होता. हकीमांनी त्याला फक्त पिठीची पेज द्यायला सांगितली होती. तो रडला की उमाचा हात थांबे आणि रडायचा थांबला की ती आत डोकावून येई!

तिनं वाघावर हळदीचं पाणी फासलं आणि दचकली.

“अरे, हा लाल पडला!”

“तू कुंकू टाकलं असशील!” मुकुंदानं चिडवलं.

“हळदच आहे! हात हुंगून बघ!” तिनं तीच हळद कालच्या हत्तीला लावली. पिवळीधमक! आजच्या पिठीला लावली, तर लालभडक!

“माझे हातही चुरचुरतायत,” मुकुंद म्हणाला.

मच्छिंद्र एकदम गंभीर झाला. “आमची माय घरी कुंकू करती ना, तव्हा हळदीत चुना घालती. असाच रंग येतो, उमे!”

चुना! रामरावकाका सकाळपासून पुढची भिंत पांढरी करत होते. आणि वामनची पेज त्याच डब्यातल्या पिठीची!

उमा उठली ती धावतच सुटली. मागून दोघे!

स्वयंपाकघरात द्वारकाआत्या वामनला मांडीवर घेऊन पेज फुंकत होत्या.

“आत्या, देऊ नका! पिठीत चुना आहे!”

“काहीतरीच काय! बाजूला हो, लेकरू भुकेलंय.”

दारातून काका हसले. “खेळणं बिघडलं म्हणून घर डोक्यावर घेता होय रे? माझा चुना बराबर वेगळ्या डब्यात आहे. बिलकुल काळजी नको!”

चमचा वामनच्या ओठांपाशी आला. समजावायला वेळ कुठला! उमानं हळदीनं माखलेली बोटं सरळ वाटीत बुडवली.

“अगं कार्टे! घाण हातानं...”

आत्यांनी चमचा झटकन मागे घेतला. उमाच्या बोटांभोवती पेज लाल होत चालली होती.

आई रमाबाई परसातून धावत आल्या. काही न विचारता त्यांनी आधी वामनचं तोंड पदरानं पुसलं. “एकही चमचा गेला नाही ना?”

“नाही वहिनी,” आत्या कशाबशा म्हणाल्या.

मुकुंदानं कोनाड्यातले डबे उघडले. दोन्ही रॉकेलचे, दोन्हीवर सारखीच गोणपाटाची झाकणं! काकांचं तोंड उतरलं.

“चुना भिजवल्यावर उरलेली कोरडी भुकटी मी घाईत परत ओतली... कुठल्या डब्यात ते बघितलंच नाही.”

“पण तू बघितलंस, उमे!” आत्यांनी तिला जवळ ओढलं. “आणि तुम्ही दोघांनीही! आम्ही मोठी माणसं नुसती बोलत राहिलो.”

आईनं उमाचा हात धरला, तो बराच वेळ सोडलाच नाही.

“पण पेजेचं काय?” मुकुंदानं विचारलं.

मग मंठ्यात कोणी पाहिलं नव्हतं ते घडलं. रामरावकाका जात्यावर बसले! घाम निथळतोय, खुंटा हातातून निसटतोय आणि दोन पोरं डोक्यावर उभी!

“जल्दी काका, जल्दी!”

“ओव्या म्हना की, काका!”

आत्याही पदर तोंडाला लावून हसल्या. उमा हसली नाही. ताज्या पिठीची चिमूट तिनं हळदीत कालवली, उन्हात नेली, दोनदा निरखली. पिवळी ती पिवळीच!

“आता लाव चुलीवर, आई.”

आणि भुकेनं पिसाळलेल्या वामननं असं काही भोकाड पसरलं, की उमाला आज पहिल्यांदा त्याचं रडणं गोड वाटलं.